नाव विचारत जा

तुझं गाऱ्हाणं मला पटतं गं. वर्गातल्या मैत्रिणींचं गाणं वेगळं, घरात सकाळी अभंग, गल्लीत लग्नसराईचा डीजे, आणि तुला आवडतं ते भलतंच. कुणीतरी आपल्या खोलीत बसून लॅपटॉपवर रचलेलं, शब्द असले तर असले, नाहीतर नुसता आवाज. कुणाशी बोलावं ते कळत नाही आणि मोबाइल फिरून फिरून तीच दहा गाणी पुढं करतो. वर तुझं ठरलेलं वाक्य, "ताई, हर्सूलला कोण येणार वाजवायला? आपल्याला कळेपर्यंत नवं ते जुनं झालेलं असतं."

यातलं अर्धं खरं आहे. हर्सूलच्या टी पॉइंटला स्टेज बांधून कुणी इलेक्ट्रॉनिक संगीताचा फेस्टिव्हल भरवत नाही, आणि येत्या दोन-तीन वर्षांत भरवेल असंही मला वाटत नाही. पण नवं कळत नाही, हे मात्र मला मान्य नाही. ते कळायला आज मुंबईत राहावं लागत नाही. नाव विचारायची सवय लागते. एवढंच सांगायचंय, बाकी सगळं त्यातूनच निघतं.

नाव म्हणजे गाणाऱ्याचं तर आहेच. पण ते रचलं कुणी, ठेका कुणी बसवला, मिक्सिंग कुणी केलं, काढलं कोणत्या लेबलनं? स्पॉटिफायवर गाण्याशेजारच्या तीन टिंबांवर बोट ठेवलंस की क्रेडिट्स दिसतात. बहुतेक जण तिकडं फिरकतच नाहीत. तू फिरक. ॲप तुला गाणं सुचवतं ते तू आधी काय ऐकलंस त्यावरून, म्हणजे ते तुला तुझ्याच अंगणात गोल गोल फिरवणार. माणसाचं नाव हाती लागलं की तू फाटकाबाहेर पडतेस. कारण ही माणसं एकटी काम करत नाहीत. एक दुसऱ्यासाठी रीमिक्स करतो, तिसरीच्या अल्बमवर वाजवतो, चौथ्याच्या लेबलवरून प्रसिद्ध होतो. एका नावावरून पाच नावं मिळतात, आणि त्या पाचांतली दोन तरी तुझ्या जिवाभावाची होतात.

करून बघू. 'तांबडी चामडी'वर तू नाचलीयस, मला व्हिडिओ पाठवला होतास. २०२४ मध्ये आलेलं ते गाणं क्रेटेक्स आणि श्रेयस या दोघांचं. क्रेटेक्स म्हणजे कृणाल घोरपडे, श्रेयस म्हणजे श्रेयस सागवेकर. लेबल बघ, स्पिनिन रेकॉर्ड्स, नेदरलँड्समधलं. मार्टिन गॅरिक्सचं 'ॲनिमल्स' २०१३ मध्ये ज्या लेबलनं काढलं, तेच हे. म्हणजे अस्सल मराठी शब्द, आपल्या मिरवणुकीत शोभेल असा रांगडा आवाज, आणि खाली हाऊसचा ठेका. आता पुढचा प्रश्न विचार, हाऊस म्हणजे काय? शिकागोत 'वेअरहाऊस' नावाचा एक क्लब १९७७ मध्ये सुरू झाला. तिथं फ्रँकी नकल्स नावाचा डीजे वाजवायचा. ऐकायला येणारी पोरं बहुतेक कृष्णवर्णीय, त्यातली पुष्कळशी समलिंगी, ज्यांना शहरात इतरत्र मोकळेपणानं नाचायला जागा नव्हती. त्या वेअरहाऊसवरून हाऊस. एका मराठी गाण्यावरून तू शिकागोला पोचलीस, तेही हर्सूलमधल्या आपल्या गच्चीवर बसून.

आता एक गोष्ट जरा सावकाश सांगते. ती कळली की 'हे संगीत आपलं नाही' ही भीती पार जाते.

चरणजित सिंग नावाचे एक वादक मुंबईत हिंदी सिनेमांच्या रेकॉर्डिंगला वाजवायचे. १९८२ साली त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं जोडली. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र आणि टीबी-३०३ हे बासचं. यातलं ३०३ मूळ काढलं होतं ते एकट्या वादकाला बास गिटारची साथ मिळावी म्हणून. ते काही चाललं नाही, आणि थोड्याच वर्षांत कंपनीनं ते बंद केलं. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जायची सोय होती. चरणजितांना त्या घसरण्यात रागसंगीतातली मींड दिसली. त्यांनी या यंत्रांवर दहा राग बसवले, खाली डिस्कोचा एकसारखा ठेका ठेवला, आणि एचएमव्हीनं ती तबकडी काढली, 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. कुणी फारसं विचारलं नाही.

पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या फ्यूचर या गटानं तेच ३०३ वापरून 'ॲसिड ट्रॅक्स' काढलं आणि त्यातून ॲसिड हाऊस नावाचा अख्खा प्रकार जन्माला आला. शिकागोच्या पोरांनी चरणजितांना ऐकलेलं नव्हतं, त्यामुळं 'आपणच शोध लावला' अशी फुशारकी मारायचं कारण नाही. पण एदो बाउमन या डच संग्राहकाला २००२ मध्ये ती जुनी तबकडी भारतात सापडली, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, आणि जगभरचे डीजे चकित झाले. म्हातारपणी चरणजितांनी युरोपात जाऊन प्रेक्षकांसमोर ते पुन्हा वाजवलं. २०१५ मध्ये ते गेले. हे सगळं घडलं ते कुणीतरी एका धुळकट कव्हरवरचं नाव वाचलं म्हणून.

त्यातला ललत लाव. मोबाइलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लाव, साधे वायरचे चालतील. ८०८ चा जो खालचा धमका असतो तो सेकंदाला पन्नासेक कंपनांचा. मोबाइलचा एवढासा स्पीकर इतका खालचा आवाज काढूच शकत नाही, त्यामुळं तू आजवर यातलं निम्मं संगीत ऐकलेलंच नाहीस. आधी नुसता ठेका धर, एक-दोन-तीन-चार, तो कुठंही हलत नाही. मग बासकडं लक्ष दे, तो त्याच त्याच वळणावर फिरून येतो. मग वरच्या स्वरांकडं जा. ललतात पंचम नाही आणि शुद्ध व तीव्र हे दोन्ही मध्यम लागून येतात. गवयाच्या गळ्यातून ते येतात तेव्हा कानाला एक हुरहुर लागते. इथं यंत्र तेच दोन स्वर शेजारी ठेवतं आणि खालचा ठेका मात्र नाचायला लावतो. सलग दोनदा ऐक. पहिल्यांदा विचित्र वाटेल, दुसऱ्यांदा ओळखीचं होईल. नवं संगीत कळत नाही म्हणून सोडून देणारी माणसं बहुधा पहिल्यांदाच थांबलेली असतात.

असेच आणखी दोघं तुझ्या यादीत टाक. न्यूयॉर्कमध्ये वाढलेला कर्ष काळे, यानं तबल्याला इलेक्ट्रॉनिक्सची जोड दिली. त्याचा 'रिअलाइझ' हा अल्बम २००१ चा, म्हणजे तुझ्या जन्माआधीचा, आणि आजही शिळा वाटत नाही. दुसरा पुण्यात वाढलेला रित्विझ. २०१७ मध्ये 'उड गए' आलं तेव्हा कॉलेजात कानाकानांत तेच होतं. त्याचं हिंदुस्थानी गाण्याचं शिक्षण झालेलं आहे आणि ते त्याच्या सुरावटींत लपत नाही. काळेपासून तबला बीट सायन्स या गटाकडं जा, तिथं झाकीर हुसेन आणि बिल लॅसवेल भेटतील. मी आणखी नावं देत नाही. दिली तर तू माझी यादी ऐकशील, आणि मला तुझी यादी हवी आहे.

एक नाव मात्र राहवत नाही म्हणून देते, स्वदेसी. मुंबईचा हा गट अनेक भाषांत रॅप करतो, त्यातला एमसी मवाली मराठीत. आरेच्या जंगलातल्या आदिवासींवर त्यांनी २०१९ मध्ये 'द वारली रिव्होल्ट' काढलं, त्यात आरेतले प्रकाश भोईर स्वतः गायले आहेत. या गटाचा एमसी तोडफोड, धर्मेश परमार, २०२२ मध्ये अगदी तरुण वयात गेला. हे ऐकलंस की कळेल, अल्टरनेटिव्ह म्हणजे नुसता वेगळा आवाज नव्हे. जे रेडिओ वाजवणार नाही ते बोलायचं धाडस त्यात असतं.

आणि तू ज्या डीजेला नाकं मुरडतेस ना, त्याच्याबद्दल आज थोडं भांडायचं आहे. हर्सिद्धी मातेच्या यात्रेच्या दिवसांत, गणपतीत, १४ एप्रिलला आपल्या शहरात जे वाजतं, तेही इलेक्ट्रॉनिक संगीतच आहे. आवाजाचा अतिरेक वाईटच, त्यावर पुढं बोलते. पण एखाद्या भीमगीताची चाल घेऊन, तिचा वेग वाढवून, मध्ये ठेका काढून घेऊन, सगळ्यांना क्षणभर टांगून ठेवून मग एकदम धमका सोडायचा, हे कसब आहे. गावोगावची पोरं ते कुठल्या शाळेत न जाता शिकलीयत. उदयन सागर, म्हणजे न्यूक्लिया, यानं रस्त्यावरच्या या बँड-ताशाच्या आवाजातूनच २०१५ चा 'बास राणी' घडवला आणि तो मोठ्या फेस्टिव्हलांच्या स्टेजवर नेला. आपल्याकडच्या रीमिक्सच्या सुरुवातीला डीजेचं नाव मोठ्यानं पुकारतात, ते तुला ठाऊक आहे. पण ज्याचे शब्द वाजतायत त्याचं नाव कुणी पुकारत नाही. पुढच्या वेळी विचार. कितीतरी वेळा उत्तर निघेल वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातला हा शाहीर २००४ मध्ये गेला, आणि त्याची गाणी आज आपल्या चौकात सबवूफरमधून येतात. मग वामनदादांच्या स्वतःच्या आवाजातलं जुनं ध्वनिमुद्रण शोध आणि दोन्ही एकापाठोपाठ ऐक. रीमिक्समध्ये काय राखलं आणि काय गमावलं, हे तुझं तुलाच कळेल. असा कान तयार झाला की बर्लिनचा डीजे असो की बुलढाण्याचा, तुला फसवू शकणार नाही.

आणखी एक दार अगदी जवळ आहे. एमजीएमच्या आवारातलं महागामी, पार्वती दत्ता चालवतात ते गुरुकुल, १९९६ पासूनचं. तिथं शार्ङ्गदेवांच्या नावानं समारोह होतो. शार्ङ्गदेव म्हणजे तेराव्या शतकात इथंच, देवगिरीच्या यादवांच्या दरबारात, 'संगीतरत्नाकर' लिहिणारे. तिथं ध्रुपद कानावर पडेल तेव्हा तू म्हणशील हे तर जुनं. जरा थांब आणि आलाप ऐक. तानपुऱ्याचा एकच षड्ज भरून राहिलेला, त्यावर एकेक स्वर मिनिटभर उलगडत जाणारा, ठेका नाही, घाई नाही. तू रात्री अभ्यासाला लावतेस त्या ॲम्बियंट संगीताचं एक मूळ याच ऐकण्यात आहे. अमेरिकेतले ला माँट यंग आणि टेरी रायली १९७० मध्ये किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले. एकच स्वर ताणून धरायचं, पुन:पुन्हा तेच वाजवत सूक्ष्म फरक ऐकायचं जे वळण त्या दोघांच्या संगीतात दिसतं, त्याचा धागा पुढं ब्रायन ईनोपर्यंत जातो. ईनोचं 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' १९७८ चं. तेव्हा आधी महागामीत बस, मग ईनो लाव. क्रम हाच ठेव.

आता रोजचं काम. जगभर नवी गाणी शुक्रवारी निघतात, १० जुलै २०१५ पासून तसं ठरलंय. म्हणून आपल्याकडं गुरुवारी रात्री बारानंतर नवं दिसायला लागतं. सगळं ऐकायला जाऊ नकोस, दमशील. आठवड्याला एक अल्बम पुरा ऐक, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मध्ये पुढं न ढकलता. वहीत तारीख, नाव, लेबल आणि दोन ओळी लिही. मोबाइलमध्ये नको, वहीत. लिहिलेलं नाव विसरत नाही, आणि सहा महिन्यांनी वही उघडलीस की तुझी आवड कुठून कुठं आली ते दिसतं. कंटाळा आला तर रेडिओ लाव, इंटरनेटवरचा. लंडनचं एनटीएस २०११ पासून आहे, दिल्लीचं बॉक्सआउट २०१७ पासून. तिथं गाणी माणसं निवडतात, आणि एनटीएसवर तर बहुतेक कार्यक्रमांखाली गाण्यांची यादीही देतात. म्हणजे पुन्हा नावं.

पैशांचंही बोलू या, कारण तू म्हणतेस तुला कलावंतांना मदत करायची आहे आणि खिशात काही नसतं. स्पॉटिफायचा २०२४ पासूनचा नियम आहे, एखादं गाणं वर्षभरात हजारदा वाजलं नाही तर त्याचे पैसेच मिळत नाहीत. जळगावच्या किंवा जालन्याच्या एखाद्या पोरानं नवं काही काढलं तर त्याला तुझं पन्नास वेळा ऐकणंही मोलाचं आहे, हे लक्षात ठेव. बँडकॅम्पवर गणित वेगळं. गाणं विकत घेतलंस तर शंभरातले ऐंशीच्या आसपास रुपये कलावंताकडं जातात. मार्च २०२० पासून ठरावीक शुक्रवारी बँडकॅम्प आपला वाटाही सोडतं. पुष्कळ जण किंमत तुझ्यावर ठेवतात, शून्य टाकलं तरी गाणं मिळतं. परदेशी व्यवहार चालणारं कार्ड लागतं, ते माझं वापर. महिन्याला एक अल्बम माझ्याकडून, पण तो तू निवडायचा आणि का निवडलास ते मला सांगायचं.

मग गिग. इथं मी जरा कडक होणार आहे, ऐकून घे.

सुरुवात मोठ्या फेस्टिव्हलनं करू नकोस. मला माहीत आहे, महालक्ष्मी रेसकोर्सवर २०२३ मध्ये लोलापालुझा आलं तेव्हापासून तुझ्या डोक्यात तेच आहे. पण तिथं तिकीट काही हजारांचं, गर्दी हजारोंची, आणि तुझा आवडता बँड बोटाएवढा दिसतो. त्याऐवजी शे-दीडशे लोकांच्या जागेत जा, जिथं वाजवणारी मुलगी नॉब फिरवताना तिची बोटं दिसतात आणि कार्यक्रम संपल्यावर तिला "हा शेवटचा आवाज कशातून काढलास?" असं विचारता येतं. मी विचारते. खूश होतात गं ही माणसं, तासभर बोलतात. सनाया अर्देशिर, म्हणजे सँड्यून्स, किंवा कोमोरेबी नावानं रचणारी तराना मारवाह, यांच्यासारख्या मुली एकट्या स्टेजवर उभ्या राहून अख्खं संगीत चालवताना बघशील ना, तेव्हा तुझ्या लॅपटॉपवरच्या गाण्यांच्या अर्धवट फाइल्सकडं तू वेगळ्या नजरेनं बघशील.

जागांच्या नावांवर फार भिस्त ठेवू नकोस. मुंबईत लोअर परळच्या मिलमधलं ब्लू फ्रॉग २००७ मध्ये निघालं, देशभरचे बँड तिथं वाजले, आणि २०१६ मध्ये ते बंद झालं. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून इंडिपेन्डन्स रॉक व्हायचं, तो परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि तिथलं संगीत थांबलं. पुण्यात २०१० मध्ये एनएच७ वीकेंडर सुरू झालं, त्यानंही किती जागा बदलल्या. जागा जातात, माणसं वाजवत राहतात. म्हणून इन्स्टाग्रामवर क्लबला फॉलो करण्याआधी कलावंतांना, त्यांच्या लेबलांना आणि कार्यक्रम आखणाऱ्यांना फॉलो कर. ते पुण्यात कधी येतायत ते तिथूनच कळेल.

शहरातलंही सोडू नकोस. विद्यापीठाचा युवक महोत्सव, कॉलेजांची गॅदरिंगं, कॅफेतली ओपन माइक, सोनेरी महालाच्या आवारातला वेरूळ-अजिंठा महोत्सव. हा महोत्सव मध्ये बरीच वर्षं बंद होता, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. हे तुझ्या आवडीचंच असेल असं नाही, पण समोर वाजणारं वाद्य ऐकायची सवय इथंच लागते. आणि आपल्या गावात पंधरा जण जरी तुझ्यासारखं ऐकणारे निघाले तरी एखाद्या गच्चीवर स्पीकर लावून ऐकण्याची बैठक बसवता येते. परवानगीची कटकट नको म्हणून आवाज बेताचा ठेवायचा आणि रात्री दहाच्या आत आटपायचं.

बाहेरगावी जाताना मात्र हिशेब आधी मांड. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय २१ आणि कडक दारूसाठी २५ लागतं, त्यामुळं पबमधल्या कित्येक गिगना २१ च्या खाली दारातच अडवतात. तू प्यायला जात नाहीस, ठीक आहे, पण दारावरचा माणूस ते ऐकत नाही. तिकीट काढण्यापूर्वी वयाची अट वाच. तुझ्या वयाला आयआयटी मुंबईचं मूड इंडिगो उत्तम, डिसेंबरात असतं, १९७१ पासून चालू आहे आणि कॉलेजच्या ओळखपत्रावर नोंदणी होते. डिसेंबरातच पणजीत सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल असतो, तिथं संगीतही भरपूर. गोव्याला नुसता समुद्र बघायला जाणाऱ्यांना हे माहीतही नसतं की गोवा ट्रान्स नावाचा संगीतप्रकार जगाला अंजुण्याच्या किनाऱ्यानं दिला.

पुण्याला एसटीनं जा. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ते याच कामाला वापरायचं. मुंबईला रेल्वेनं ये आणि कल्याणला माझ्याकडं उतर. त्याच रात्री परतायचा विचारही करू नकोस. उघड्यावरच्या लाउडस्पीकरला रात्री दहानंतर बंदी असते, म्हणून मोठे शो दहाला संपतात, आणि आपली देवगिरी एक्स्प्रेस तोवर निघून गेलेली असते. अनोळखी माणसानं पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर कधीही तिकीट घेऊ नकोस, तो एकच कोड तो दहा जणांना विकतो. एक मैत्रीण बरोबर हवीच. परतीची गाडी आधी ठरलेली हवी, पाणी आपल्या हातानं उघडलेलं हवं, आणि कुठं आहेस ते घरी माहीत हवं. कुणी अंगचटीला आलं तर लाजू नकोस, ओरड, स्टेजसमोरच्या सुरक्षा रक्षकाकडं जा, ११२ लाव. तू नाचायला गेली होतीस म्हणून चूक तुझी, असं कुणी म्हणालं तर त्याला माझ्याकडं पाठव.

कानांचं शेवटी सांगते, पण सगळ्यात महत्त्वाचं तेच. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसतो. दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. क्लबात आणि आपल्या मिरवणुकीत तेवढा आवाज सहज असतो. रात्री घरी आल्यावर कानात शीळ वाजत राहते ना, तो कानानं दिलेला इशारा आहे. आतल्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग थोडक्या पैशांत मिळतात. बोटांनी चुरगाळून बारीक करायचे, कान वर ओढून आत सारायचे आणि फुलेपर्यंत धरून ठेवायचे. स्पीकरच्या भिंतीसमोर उभं राहायचं नाही, मागं मिक्सरच्या टेबलाजवळ उभं राहायचं. आवाज तिथूनच जुळवलेला असतो, त्यामुळं संगीतही तिथंच सगळ्यात चांगलं ऐकू येतं.

गिगला जाण्याबद्दल आईशी मी बोलते, ती चिंता सोड. तू येत्या गुरुवारी रात्री एक अल्बम निवड, शुक्रवारी पुरा ऐक, आणि रविवारी मला तीन नावं कळव, रचणाऱ्याचं, लेबलचं आणि ज्यानं ठेका बसवला त्याचं. चौथं नाव मी पाठवीन.